डाव्या हाताची खुर्ची

नवी कवळी बसवली की तो गिऱ्हाइकाला लगेच आरसा देत नाही. आधी एक ते वीस आकडे म्हणायला लावतो. सहा, सात आणि सोळाला हवा सुटते का ते ऐकतो. मग म्हणतो, "आता भांडा." माणूस गोंधळतो. "घरी भांडता तशी दोन वाक्यं बोला. कवळी बोलताना टिकते, जेवताना टिकते, भांडताना निसटते." माणूस हसतो, आणि त्या हसण्यात वरची कवळी कुठे उचलतेय ते याला दिसतं.

हा त्याचा तेहतीस वर्षांचा धंदा. तळमजल्यावर एक लांबट खोली, खिडकीखाली टेबल, टेबलावर घासायचं मशीन आणि भिंतीभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. प्रत्येक जबड्यावर पेन्सिलने आकडा. त्यातल्या बऱ्याच जबड्यांचे मालक आता हयात नाहीत. टाकून का देत नाही, असं बायकोने एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कोणी परत आलं तर?" तो दुरुस्तीबद्दल बोलत होता. तरी त्या दिवसापासून बायको दिवेलागणीनंतर त्या खोलीत पाऊल टाकत नाही.

बायकोचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्न केलं नव्हतं, त्याच इमारतीत वरच्या खोलीत राहायचा आणि जेवायला खाली यायचा. बत्तिसाव्या वर्षी एका लिफ्टच्या दरवाजाची स्प्रिंग सुटून तोंडावर बसली आणि वरचे सगळे दात गेले. त्याची कवळी अर्थातच या कवळीवाल्याने केली. नंतर अठरा वर्षांत तीनदा बदलून दिली. तो मेहुण्याला 'बोळक्या' म्हणायचा, मेहुणा त्याला 'भावोजी'.

"भावोजी, एक सांगा," उपासनेहून परत येताना मेहुण्याने एकदा विचारलं होतं, "शेवटच्या दिवशी सगळे देहानिशी उठणार ना? मग मी माझे मूळचे दात घेऊन उठणार, की तुमचे?"

"माझेच घे. मूळचे कुठे धड होते?"

"चर्चच्या पायरीवर तरी गप्प बसा दोघं," बहीण म्हणाली.

पत्ते मेहुण्यानेच शिकवले. गावातल्या एका जुन्या हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर खिडक्या नसलेला हॉल आहे. तिथे एकाआड एक शनिवारी दुपारी पोकरची स्पर्धा व्हायची. अकरा वर्षं दोघं तिथे जात होते. मेहुणा खेळताना अखंड बडबडायचा, हा तोंड उघडायचा नाही. हॉलमध्ये याला सगळे 'डॉक्टर' म्हणायचे. "डॉक्टर नाही, कवळीवाला," असं त्याने सुरुवातीला चार-पाचदा सांगितलं, मग सोडून दिलं.

पैसे लावून चालणाऱ्या टेबलावर तो कधी बसला नाही. त्याला स्पर्धाच आवडायची, आणि का आवडते हे त्याला नीट सांगता यायचं. सगळ्यांना सुरुवातीला सारख्या चिप्स, म्हणजे प्लास्टिकच्या चकत्या, मिळतात. बाहेर त्या चिप्सवर चहाही मिळत नाही. त्या घेऊन मध्येच घरी जाता येत नाही. संपल्या की उठायचं, मागच्या दाराने. शेवटी एक जण सोडून सगळे त्याच दाराने जातात. रविवारी तिसऱ्या रांगेत बसून ऐकलेल्या निम्म्या प्रवचनांत हेच सांगितलेलं असतं, असं त्याचं म्हणणं.

चर्चच्या पाळकसाहेबांना हे पसंत नव्हतं, पण ते चिडणारे नव्हते.

"जुगार नाही म्हणतोस, मग काय आहे ते?"

"वाट बघायचा सराव."

"तो माझ्या प्रवचनात होतोच की तुझा."

एकदा मात्र ते गंभीरपणे बोलले होते. कवळीवाल्याने विषय काढला होता की पत्ते पिसले की पुढचं सगळं देवाच्या हातात असतं. येशूच्या शिष्यांनीसुद्धा बारावा माणूस चिठ्ठ्या टाकूनच निवडला. पाळकसाहेब म्हणाले, "आणि वधस्तंभाखाली शिपायांनी येशूचे कपडे वाटून घेतले, तेही चिठ्ठ्या टाकूनच. पत्त्यांत देव शोधू नकोस. काहीतरी सापडेल, आणि ते देव आहे की नाही हे तुला कळणार नाही."

वर्षातून एकदा हॉलची मोठी स्पर्धा असते, दोन दिवसांची. त्या वर्षी शनिवारी सकाळी एकशे नव्वद माणसं बसली आणि संध्याकाळी सहाला चोवीस उरली. त्या चोविसांत दोघंही होते. अकरा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. दिवस संपल्यावर प्रत्येकाच्या चिप्स त्याच्यासमोर मोजतात, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालतात, वर नाव आणि आकडा लिहून पिशवी सीलबंद करतात. मेहुण्याने आपल्या सीलवर सही करताना शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "भावोजी, उद्या मी तुम्हाला सोडणार नाही."

घरी पोचल्यावर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मेहुणा खाली बसला. डोकं दुखतंय म्हणाला. मग बोलणं अडखळलं. कवळीवाल्याला आधी वाटलं, कवळी निसटली.

मेंदूत रक्तस्राव. इस्पितळात नळी घालण्याआधी नर्सने तोंडातून कवळी काढली आणि कॉरिडॉरमध्ये येऊन विचारलं, "हे दात कोणाचे?"

"माझे," कवळीवाला म्हणाला. "म्हणजे मी केलेले."

तिने ते एका झाकणाच्या डबीत घालून त्याच्या हातात दिले. कवळी कोरडी पडली की वाकते, म्हणून त्याने डबीत ओला कापूस घातला आणि डबी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

रविवारी सकाळी परिस्थिती तशीच होती. काचेपलीकडे एकालाच बसू देत होते, आणि बहीण जागची हलणार नव्हती. पाळकसाहेब उपासना उरकून येणार होते. कवळीवाल्याने हॉलमध्ये फोन लावला. स्पर्धेची सूत्रं एका पन्नाशीच्या बाईच्या हातात असत. तिला सगळे पंचबाई म्हणायचे. मेहुणा दवाखान्यात आहे, त्याची पिशवी बाजूला काढून ठेवा, असं त्याने सांगितलं.

"वाईट झालं हो. पण पिशवी काढता येत नाही," पंचबाई म्हणाल्या. "सील झालेल्या चिप्स खेळातच असतात. माणूस आला नाही तरी खुर्चीवर ठेवाव्या लागतात, पत्ते वाटावे लागतात. जागांच्या चिठ्ठ्याही निघाल्या आत्ताच. तुम्ही येताय ना?"

"नाही बहुतेक."

"बरं. तुमच्याच टेबलावर आहे त्यांची खुर्ची. तुमच्या डाव्या हाताला."

तो फोन ठेवून कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालू लागला. अर्ध्या तासाने बायको बाहेर आली.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग बसा की. नर्स दोनदा बोलली मला. नाहीतर असं करा, तुम्ही जा तिकडे."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तुमच्या त्या हॉलमध्ये. इथे बसून काय करणार आहात? शुद्धीवर आला तर पहिलं तेच विचारेल. एक वाजता फोन करा."

अकरा वाजता तो खुर्चीवर बसला. हॉलमध्ये तीन टेबलं, प्रत्येकी आठ खुर्च्या. फोन बंद करून बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवायचा, हा तिथला नियम. त्याच्या डावीकडची खुर्ची टेबलापासून वीतभर मागे सरकलेली होती, आत्ता कोणी उठून गेल्यासारखी. रेग्झिनच्या बैठकीला मध्ये खळगा पडलेला होता. तसा तो सगळ्याच खुर्च्यांना होता. पत्ते वाटणाऱ्या बाईने मेहुण्याची पिशवी कात्रीने फोडली आणि चिप्सच्या चळती त्या खुर्चीसमोर नीट रचल्या.

इथे खेळाचा एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. दर डावाला दोन माणसांना पत्ते बघण्याआधीच थोड्या चिप्स पुढे टाकाव्या लागतात. एकाने अर्ध्या, त्याच्या डावीकडच्याने पूर्ण. ही सक्तीची पाळी टेबलभर फिरत राहते. रिकाम्या खुर्चीलाही ती चुकत नाही. तिच्या चिप्स वाटणारी बाई पुढे सरकवते. खुर्चीला पत्ते मिळतात, ते उपडे पडून राहतात आणि तिची पाळी आली की बाई ते गोळा करते. म्हणजे रिकामी खुर्ची हळूहळू झिजत जाते. एकच अपवाद. खुर्चीची पूर्ण भरायची पाळी असताना बाकी सगळ्यांनी पत्ते टाकले, म्हणजे डाव सोडला, तर मधल्या चिप्स खुर्चीला मिळतात. आणि त्या डावात सगळ्यात शेवटी बोलायचं असतं अर्धे भरणाऱ्याने, म्हणजे खुर्चीच्या उजव्या हाताला बसलेल्याने.

म्हणजे कवळीवाल्याने.

खेळणाऱ्यांच्या दृष्टीने ही हॉलमधली सर्वांत भाग्याची जागा. समोरचा प्रतिकार करत नाही. नुसती चिप पुढे सरकवायची आणि त्याच्या चिप्स ओढून घ्यायच्या.

"लॉटरी लागली की डॉक्टर," समोरून बेकरीवाला म्हणाला. हा जाडजूड, हातावर भाजल्याचे डाग असलेला, चांगला खेळाडू आणि तोंडाळ माणूस. "घरच्या घरी दुकान."

पहिल्या फेरीत ती पाळी आली. सगळ्यांनी पत्ते टाकले. कवळीवाल्याने सवयीने चिप पुढे केली. बाईने खुर्चीचे पत्ते गोळा केले आणि खुर्चीने भरलेल्या चिप्स त्याच्याकडे ढकलल्या. त्याने त्या आपल्या चळतीवर ठेवल्या. भिंतीवरच्या घड्याळात फेरीची वीस मिनिटं उरली होती. फेरी चाळीस मिनिटांची असते.

एक वाजता सुटी झाली. त्याने लॉकरमधून फोन काढला.

"तसाच आहे," बायको म्हणाली. "मध्ये जरा घाबरवलं त्याने. ब्लडप्रेशर एकदम खाली गेलं. डॉक्टर धावत आले. आणलं परत."

"किती वाजता?"

"आता वेळ कशाला हवी तुम्हाला?"

"सांग तरी."

"अकरा वीस असतील. पाळक आलेत, प्रार्थना चाललीय. तुम्हीपण करा."

तो हो म्हणाला. फोन लॉकरमध्ये ठेवला. परत खुर्चीवर येऊन बसला तेव्हा त्याने एक गोष्ट केली जी अकरा वर्षांत केली नव्हती: दुसऱ्याच्या चिप्स मोजल्या, आणि त्याही जिंकण्यासाठी नव्हे. खुर्चीकडे अजून अकरा-बारा पाळ्या झिजण्याइतका माल होता.

त्याला हे मूर्खपणाचं आहे हे कळत होतं. नंतर तो हे स्वतः सांगतो, न विचारता. ज्या माणसाने आयुष्यभर गंडे-दोऱ्यांना नावं ठेवली, मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्या गिऱ्हाइकाची टिंगल केली, तो माणूस तिथे बसून हिशेब करत होता की अकरा वीसला आपण घेतल्या त्या चिप्स आणि अकरा वीसला खाली गेलं ते ब्लडप्रेशर. त्याने ठरवलं, आता आपण त्या खुर्चीचं काही घ्यायचं नाही.

पावणेदोनला पहिल्यांदा पाळी आली. सगळ्यांनी टाकले. त्याच्याकडे एक्का आणि राणी. त्याने पत्ते पुढे सरकवले. बाईने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग मधल्या चिप्स उचलून रिकाम्या खुर्चीसमोर ठेवल्या.

"वा," बेकरीवाला म्हणाला. "साहेब जिंकले. अभिनंदन, साहेब." कोणीतरी हसलं.

थोड्या वेळाने खुर्चीला पत्ते वाटताना एक पान बाईच्या हातून उलटं झालं आणि टेबलाच्या कडेवर सरळ पडलं. चौकटची सत्ती. नियमाप्रमाणे ते बाद झालं, दुसरं दिलं. बाई म्हणाली, "माफ करा," आणि ती खुर्चीकडे बघून म्हणाली. मग स्वतःच चपापली. वीस वर्षं पत्ते वाटणाऱ्या बाईचा हात असा सहसा घसरत नाही.

त्यानंतर टेबलावर काहीतरी बदललं. कोणी बोलून दाखवलं नाही. पण कवळीवाल्याच्या उजवीकडचा माणूस सिगारेट ओढून परत येताना लांबचा फेरा घेऊ लागला. नवीन बसलेल्या एका तरुणाने कोट काढून त्या खुर्चीच्या पाठीवर टाकला, तेव्हा तिघं एकदम म्हणाले, "तिथे नको." खुर्चीची पाळी असली की बेकरीवाला चांगल्या पत्त्यांवरही थांबायचा. झिजायची सोडून त्या चळती वाढत होत्या. तीन वाजता खुर्चीकडे सकाळपेक्षा जास्त चिप्स होत्या. तोवर चोविसातले सोळा उरले होते, आणि त्या सोळांत ती मधल्या फळीत होती.

कवळीवाल्याने एकदा दोन राजे टाकले. त्याने ते कोणाला दाखवले नाहीत. पत्ते टाकताना पुढे वाकलं की खिशातल्या डबीत दात हलायचे. खट्. फक्त त्यालाच ऐकू येईल इतकं. त्याला त्या आवाजाची सवय होत गेली. पत्ते टाकले की तो त्या आवाजाची वाट बघायचा.

"पंचबाई," बेकरीवाल्याने शेवटी हात वर केला. "इथे या जरा. डॉक्टर मेहुण्याला पोसतायत."

पंचबाई येऊन मागे उभ्या राहिल्या. पुढच्या वेळी सगळ्यांनी टाकले आणि कवळीवाल्यानेही टाकले. त्यांनी त्याच्या खांद्याशी वाकून हळू आवाजात म्हटलं, "डॉक्टर, पत्ते टाकणं हा गुन्हा नाही. पण मुद्दाम कोणाला चिप्स सोडणं हा आहे. मी आत्ता काही म्हणत नाही. बघतेय एवढंच सांगते."

"पत्ते वाईट होते."

"सहा वेळा?"

"सहा वेळा."

तो चर्चमध्ये वाढलेला माणूस. इतकं सरळ खोटं तो कितीतरी वर्षांनी बोलला असेल. खोटं बोलल्याचं त्याला वाईट वाटलं नाही, भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची: पुढच्या खेपेला पंचबाईंनी खुर्ची बाद केली तर.

सव्वातीनला दुसरी सुटी झाली. सगळे उठले. तो उठला नाही. सफाईवाला हॉलमध्ये आला होता, खुर्च्या सरकवून खालून झाडू फिरवत होता. त्याने ही खुर्ची हलवली तर काय, या विचाराने कवळीवाला तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. फोन लॉकरमध्ये होता, वीस पावलांवर. जाऊन बघता आलं असतं. त्याने स्वतःला समजावलं की आपण बघायचं नाही. न बघता धरून बसणं यालाच तर विश्वास म्हणतात. हे वाक्य त्याला तेव्हा पटलं. तसं ते प्रवचनातल्या वाक्यासारखंच होतं.

त्याने डबी काढून झाकण उघडलं. कापूस सकाळी भिजवलेला, आतापर्यंत सुकायला हवा होता. ओला होता, आणि कोमट. अंगाजवळच्या खिशात बंद डबी असेल तर कापूस ओला आणि कोमटच राहणार. धंद्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्याने तरीही झाकण पटकन लावलं.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की एक वाजल्यापासून आपण एकदाही प्रार्थना केलेली नाही. बायकोला हो म्हटलं होतं. हात जोडायचा प्रयत्न केला. शब्द आले नाहीत, आकडे आले: खुर्चीकडे किती, आपल्याकडे किती, पुढची पाळी किती डावांनी.

चार वाजून दहा मिनिटांनी पुन्हा ती पाळी आली. सगळ्यांनी टाकले. पंचबाई दुसऱ्या टेबलाशी होत्या. त्याने पत्ते बघितलेसुद्धा नाहीत, सरळ पुढे सरकवले. चिप्स खुर्चीकडे गेल्या. तेवढ्यात पंचबाई त्याच्याकडे येताना दिसल्या. तो मान वर करून म्हणाला, "पत्ते वाईट होते."

"डॉक्टर, तुमच्या घरून फोन आहे. खाली काउंटरवर. पाळक कोणीतरी आहेत."

तो उठला. फोन घेऊन त्याने काही बोलायच्या आत पलीकडून पाळकसाहेबांनी विचारलं, "तुझा फोन का बंद आहे?"

"नियम आहे इथला."

"अरे, केव्हापासून लावतोय आम्ही. हॉलचं नाव कोणाला माहीत नव्हतं. त्याच्या पाकिटात पावती निघाली आत्ता." मग म्हणाले, "गेला तो. एक पस्तीसला."

कवळीवाला काउंटरमागच्या घड्याळाकडे बघत राहिला. एक पस्तीस ते चार दहा. त्याने बोटांवर मोजलं: सातदा.

"बायको तुझी विचारतेय," पाळकसाहेब म्हणाले, "दात तुझ्याकडे आहेत का? शवगृहाचा माणूस खोळंबलाय."

तो कोट तसाच घालून निघाला. वर जाऊन चिप्स घेणं शक्यच नव्हतं, त्या नेता येत नाहीत. दाराशी त्याने एकदा मागे वळून जिन्याकडे पाहिलं. वरच्या हॉलमध्ये आता शेजारी शेजारी दोन रिकाम्या खुर्च्या होत्या, आणि दोन्हींसमोर पत्ते पडत असणार.

माणूस गेला की आधी जबडा आवळतो, मान आणि हात नंतर. धंद्यामुळे त्याला हे कोणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. पहिल्या तासात कवळी सहज बसते. तोंड बोळकं दिसत नाही, चेहरा झोपलेल्या माणसाचा दिसतो. आजवर अनेक घरांतून त्याला यासाठी बोलावणं आलं होतं आणि तो हातातलं काम टाकून गेला होता. पाचला दहा कमी असताना तो इस्पितळात पोचला. सव्वातीन तास झाले होते. त्याने मेहुण्याच्या हनुवटीवर अंगठा ठेवून हलकेच दाबलं. जबडा हलला नाही. गाल आत गेले होते, वरचा ओठ दुमडला होता. पन्नाशीचा माणूस सत्तरीचा दिसत होता.

"सैल करता येतो," शवगृहाचा माणूस म्हणाला. "थोडा जोर लावावा लागेल."

"नको," बायको म्हणाली. "आता कोणी हात लावू नका त्याला." मग ती नवऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "मी जा म्हटलं, हे मला मान्य आहे. पण एकला फोन केलात, मग तीनला का नाही केलात? काय वाचवत होतात तिथे?"

त्याने सांगितलं. सगळं, जसं घडलं तसं. खुर्ची, अकरा वीस, सात वेळा. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"म्हणजे तो इथे एकटा होता आणि तुम्ही तिथे खुर्चीला सोबत करत होतात," ती म्हणाली. "मी होते म्हणा. पण तो तुमचा होता जास्त."

पेटी बंद करूनच चर्चमध्ये ठेवली. लोकांना तोंड दाखवलं नाही.

दोन आठवड्यांनी पंचबाई दुकानात आल्या. हातात स्पर्धेच्या निकालाचा कागद होता. द्यायलाच हवा असं काही नव्हतं, पण त्यांच्या मनात ते राहिलं होतं. कवळीवाल्याने टेबलावरचा जबडा बाजूला करून कागद बघितला. अकराव्या क्रमांकावर तो स्वतः. दहाव्या क्रमांकावर मेहुणा.

"हे कसं?" तो म्हणाला. "उठलो तेव्हा माझ्याकडे जास्त होत्या."

"तेच सांगायला आले." पंचबाईंनी बोटाने टेबलावर दोन ठिपके दाखवले. "त्या खुर्चीची पाळी असली की तिच्या उजवीकडे तुमची खुर्ची. बाकीचे टाकायचे. त्यांना कसलीतरी धास्तीच बसली होती, खरं सांगते. तुम्ही नाही म्हणून तुमचे पत्ते बाई गोळा करायची. ते गोळा केले की तुमच्या चिप्स तुमच्या मेहुण्यांना." त्यांनी बोट एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर नेलं. "तुमची रिकामी खुर्ची त्यांना पोसत राहिली. तुम्ही बसून करत होतात तसंच. अगदी तसंच."

त्या गेल्यावर त्याने कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवला.

रविवारी उपासना संपल्यावर त्याने पाळकसाहेबांना गाठून तो कागद दाखवला आणि म्हणाला, "मी तिथे नसतो तरी तेच झालं असतं. सगळं आपोआप झालं असतं. मी उठून इकडे यायला मोकळा होतो, सकाळपासून."

पाळकसाहेबांनी कागदाची घडी करून त्याच्या खिशात परत ठेवली. "तीस वर्षं मी दुसरं काय सांगतोय?" ते म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "दात कुठेयत? कबरीत ठेवायचे असतील तर सांग. माती अजून बसलेली नाही."

तो विचार करतो म्हणाला.

तो अजून विचारच करतोय. पत्ते सोडले, चर्च सोडलं नाही. देहाच्या पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, हे वाक्य सगळी मंडळी एका सुरात म्हणते, तेव्हा तोही म्हणतो. शेजारी बसणाऱ्यांच्या मते जरा जास्तच मोठ्याने. बायको त्याच्या उजवीकडे बसते. डावीकडची जागा ते दोघं ठरवून ठेवत नाहीत, पण तिथे कोणी बसत नाही.

डबी दुकानातल्या सर्वांत वरच्या फळीवर आहे, आकडा न घातलेल्या एकमेव, मेहुण्याच्या जबड्याशेजारी. दर शनिवारी दुपारी तो ती खाली काढतो आणि पाणी बदलतो. कोरडी पडली की कवळी वाकते, आणि वाकलेली मग कोणालाच बसत नाही. पुष्कळदा पाणी बदलायची गरज नसते; स्वच्छ असतं. तरी तो बोट बुडवून बघतो. उन्हाळ्यात कोमट लागतं ते ठीक आहे, असं तो म्हणतो. हिवाळ्याबद्दल काही बोलत नाही.